दाराबाहेरचे बूट

४ मार्च

सौ. वहिनीसाहेब,

पत्राच्या सुरुवातीला खुशाली विचारायची पद्धत आहे. पण तुमची खुशाली आज पेपरात पहिल्याच पानावर छापून आली आहे, तेव्हा ती विचारायचं कारण उरलं नाही. माझ्या स्वयंपाकिणीने पेपर माझ्याआधी वाचला. चहा ठेवताना तिचे डोळे एवढे मोठे झाले होते की मला वाटलं दूध नासलं.

तर, माझ्या धाकट्या भावाने तुमच्यावर व्यभिचाराचा खटला भरला आहे. पुरावा काय, तर तुमच्या दाराबाहेर हिवाळाभर रोज रात्री दिसणारे परक्या पुरुषाचे बूट! सगळं गाव ज्याला सरकार म्हणतं, त्याला मी बाळ म्हणते आणि मरेपर्यंत बाळच म्हणणार. या बाळाला दहाव्या वर्षापर्यंत स्वतःच्या बुटांच्या नाड्या बांधता येत नव्हत्या. आता तो दुसऱ्याच्या बुटांवरून काडीमोड मागतोय.

आमच्या आजोबांनी त्या घराला एक नियम घालून दिला होता, तो तुम्हालाही ठाऊक आहे. रात्री बूट खोलीबाहेर काढून ठेवायचे, म्हणजे पॉलिशवाला नेऊन चकचकीत करून आणतो. आणि ज्या दाराबाहेर बूट, त्या दारावर टकटक करायची नाही. आत माणूस आहे, त्याला त्याच्या मनाप्रमाणे असू द्यावं. आजोबांकडे पाहुणे फार यायचे आणि पाहुण्यांची अब्रू फार नाजूक असायची, म्हणून हा नियम. त्याचा तुम्ही असा उपयोग कराल असं त्या बिचाऱ्याला स्वप्नातही वाटलं नसेल.

एवढंच विचारते, कोण आहे तो? मी भावाच्या बाजूची आहे हे लक्षात ठेवून उत्तर लिहा. मात्र सविस्तर लिहा.

तुमची नणंद


९ मार्च

ती. वन्संना नमस्कार.

तुम्ही भावाच्या बाजूच्या आहात हे लक्षात ठेवूनच लिहिते आहे, म्हणून तो कोण हे सांगत नाही.

बाकी मजेत. निकाल लागेपर्यंत मला घराच्या उत्तरेकडच्या खोल्यांत राहू दिलं आहे. सरकार दक्षिणेकडे. मधली लांब गॅलरी म्हणजे दोन देशांची सरहद्द झाली आहे. नोकर माझ्याकडे येताना खाली मान घालतात आणि जाताना मागे वळून बघतात, न जाणो पलंगाखालून कुणी निघालं तर.

तुमच्या बाळांनी या शहरात कुठे कुठे बूट काढले, त्याची मोजदाद पॉलिशवाल्यालाही जमणार नाही. त्याचा खटला होत नाही. माझ्या दारात एक जोड दिसला, तर वकील, जज्ज, पेपरवाले, सगळे पाय आपटत आले. आणि सरकारांना बायकोच्या पापाचं दुःख झालंय म्हणाल, तर तसंही नाही. गिरणीवाल्याची मुलगी लग्नाची झाली आहे, तिच्या बापाला जावई खानदानी हवाय. जागा रिकामी करायची तर आधी बसलेल्या बाईला उठवायला नको का?

उठायला माझी ना नाही. पण निकाल त्यांच्या बाजूने लागला तर चिंगी त्यांच्याकडे राहणार. माझे वकील म्हणाले, बदफैली ठरलेल्या आईला मुलीला भेटायलाही मिळत नाही. आताच तिला दक्षिणेकडे नेऊन ठेवलंय. पियानोचे मास्तर येतात तेव्हा गॅलरीतून तिची बोटं ऐकू येतात, सारखी त्याच एका जागी चुकतात. मी दाराशी उभी राहून ऐकते. वन्सं, बाकी सगळ्याचं मला हसू येतं, याचं येत नाही.

वहिनी


१३ मार्च

सौ. वहिनी,

चिंगीला त्यांनी नेलं हे बाळाने मला कळवलं नव्हतं. सहा वर्षांची पोर आईपासून तोडायची ही आमच्या घरची रीत नव्हे. तसं मी त्याला लिहिलं आहे. उत्तर आलं नाही. लहानपणीही रागावलं की तो टेबलाखाली जाऊन बसायचा.

तरी तुमचं चुकलंच. आणि तो माणूस! बाई कोर्टात उभी आणि हा शहाणा बूट टाकून गायब? ज्याचे बूट त्याने पुढे यावं. आज आमचे हे असते, तर अशा माणसाला घोड्याच्या चाबकाने सरळ केलं असतं. ह्यांच्यासारखा पुरुष पुन्हा होणे नाही. रुबाब असा की अख्खी पलटण दबून असायची. मेजवान्यांत नाच सुरू झाला की हे आपले हाताची घडी घालून उभे. एकाही बाईबरोबर कधी नाचले नाहीत, माझ्याबरोबरही नाही. लोक घमेंडखोर म्हणायचे. म्हणोत बापडे.

माणसाची जात बुटांवरून कळते. आमचे हे बूट काढले की टाचा भिंतीला टेकवून ठेवायचे, टोकं समोर, पहाऱ्यावरच्या शिपायासारखे. तुमच्या त्या दिवट्याचे बूट म्हणे टाचा बाहेर करून, कसेही ठेवलेले असायचे. पेपरात आलंय. असला गबाळा माणूस पसंत केलात? पाप करायचं तर निदान निवडून तरी करायचं.

तारखेला काय झालं ते कळवा. पेपरवाले अर्धंच लिहितात.

वन्सं


२० मार्च

ती. वन्संना नमस्कार.

तारीख झाली. कोर्टात मुंगीला शिरायला जागा नव्हती. बायका तर नाटकाला यावं तशा नटून आल्या होत्या.

बूट जज्जसाहेबांच्या समोर टेबलावर ठेवले होते. सरकारांच्या वकिलांनी ते उचलले, उलटे केले, हुंगले की काय असंही मला वाटलं. मग एकदम ओरडले, "डाव्या बुटाची टाच उजवीपेक्षा जाड आहे!" आत हात घातला तर बुचाचा तुकडा निघाला. म्हणजे माझा प्रियकर डाव्या पायाने अधू आहे असं ठरलं. कोर्टातला प्रत्येक माणूस आपापल्या पायांकडे बघायला लागला. मागच्या बाकावर एका गृहस्थाच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, पण बिचारा घरी जायला उठेना.

आणि मग सगळ्यांच्या माना चिंगीच्या पियानोमास्तरांकडे वळल्या. ते लंगडतात. सत्तरीचे आहेत, कानाला कमी ऐकू येतं, पण लंगडतात.

आता मी तुम्हाला खरं सांगते. माझ्या वकिलांनी तोंडातून अवाक्षर काढू नका म्हणून बजावलंय, पण कुणालातरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

वन्सं, त्या बुटांत कुणी नव्हतंच.

सरकारांना माझ्या खोलीची आठवण कधी व्हायची, तर पत्त्यांत हरले आणि दुसरीकडची दारं बंद झाली की. अंगाला दुसरीच्या अत्तराचा वास घेऊन यायचे. नाही म्हटलं तर ऐकायचे नाहीत. दाराला आतून कडी लावली तर दुसऱ्या दिवशी सुतार बोलावून कडीच काढून टाकली. मग एक दिवस माळ्यावर जुने पडदे शोधताना मला कोपऱ्यातल्या पत्र्याच्या ट्रंकेत हे बूट सापडले. पिवळ्या मलमलीत गुंडाळलेले, आत लवंगा भरलेल्या. आणि मला तुमच्या आजोबांचा नियम आठवला. त्या रात्री दाराबाहेर ठेवून बघितले. सरकार आले, गॅलरीत थबकले, खाकरले आणि परत गेले! त्या रात्री मी लग्नानंतर पहिल्यांदा गाढ झोपले. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवले. पॉलिशवाला रोज पॉलिश करत राहिला. सगळा हिवाळा असा सुखात गेला.

कुणाचे बूट ते मला माहीत नाही. माळ्यावर चार पिढ्यांचं सामान आहे. आणि हे कोर्टात सांगून उपयोग काय? वकील म्हणतात, "बाईसाहेब, रिकाम्या बुटांवर कोण विश्वास ठेवील? पायाशिवाय बूट ही पळवाट वाटेल." खरंच आहे. मी जज्ज असते तर मीसुद्धा हसले असते.

वहिनी


३ एप्रिल

ती. वन्संना नमस्कार.

तुमचं उत्तर नाही. रागावलात का? मी तुमच्या भावाला दाराबाहेर ठेवलं म्हणून? का पत्र पोचलंच नाही?

इकडे वेगळंच संकट आहे. मास्तर नाही म्हणायला तयार नाहीत! माझे वकील त्यांच्या घरी गेले होते. मास्तर म्हणाले, "सभ्य पुरुष अशा बाबतीत बोलत नसतो," आणि मिशीवर हात फिरवला. त्यांच्या बायकोने त्यांना कोर्टासाठी नवा कोट शिवलाय. शेजारणींना सांगते, "आमच्यांना तुम्ही साधे समजू नका." जन्मभर ज्याच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही, त्याला आता बायका खिडकीतून बघतात. वाढत्या शिकवण्यांनी बिचाऱ्याला जेवायलाही सवड मिळत नाही. कोर्टात येताना डावा पाय असा ओढत येतात की पाहणाऱ्याचं काळीज हलावं.

मला मारायला कुणी दुष्ट माणूस लागला नाही, वन्सं. एका म्हाताऱ्याची हौस पुरली. पुढच्या तारखेला त्यांची साक्ष आहे. ते गप्प बसले तरी मी संपले.

काल चिंगीने गॅलरीच्या त्या टोकावरून मला हात केला. दाईने तिला आत ओढून नेलं. दोन ओळी तरी लिहा.

वहिनी


६ एप्रिल

पोरी,

पत्र पोचलं होतं. मलमलीपर्यंत वाचलं आणि पुढचं वाचताच येईना. लवंगा मी भरल्या होत्या.

तुझ्या दाराबाहेर रोज रात्री उभा असलेला तो गबाळा, बिनखानदानी, चाबकाने सरळ करण्याजोगा माणूस म्हणजे माझा नवरा आहे.

ते गेल्यावर त्यांचे बूट मला डोळ्यांसमोर नको होते आणि टाकवतही नव्हते. म्हणून एक जोड ट्रंकेत घालून माहेरच्या माळ्यावर ठेवला. मनात म्हटलं, इथे कोण कशाला हात लावतंय. चार वर्षं झाली.

आता हे तुझ्या-माझ्यात ठेव. ह्यांचा डावा पाय जन्मापासून आखूड होता. कुणालाही माहीत नव्हतं. पलटणीत नाही, बाळाला नाही, त्यांच्या स्वतःच्या भावंडांनाही नाही. एका परगावच्या चांभाराकडून टाच आणि बूच बसवून घ्यायचे. चारचौघांत शक्यतो घोड्यावर, नाहीतर भिंतीला टेकून. नाचले नाहीत ते घमेंडीने नव्हे. बुटांच्या टाचा भिंतीकडे ठेवायचे तेही शिस्तीने नव्हे. एकदाच, आमच्या बंद दिवाणखान्यात, पडदे ओढून माझ्याबरोबर नाचले होते. माझ्या पायावर तीनदा पाय दिला आणि लहान मुलासारखे हसले.

शेवटच्या आजारात माझा हात धरून म्हणाले, "मला लंगडा म्हणून कुणी आठवायला नको." मी शब्द दिला.

तुला काय उत्तर लिहू? मेलेल्याला दिलेला शब्द परत मागून घेता येत नाही. मी पंधरा दिवस हाच विचार करते आहे, माझं डोकं चालत नाही. दुसरा काही मार्ग काढ. तू हुशार आहेस.

वन्सं


८ एप्रिल

वन्सं,

दुसरा मार्ग नाही.

तुमचं दुःख मला कळतं. त्या बंद दिवाणखान्याचं वाचून मी रडले. रडून झाल्यावर मला राग आला, तोही लिहिते, कारण तुम्हीच सविस्तर लिहायला सांगितलं होतं. एका गेलेल्या माणसाची टाच झाकायची म्हणून एक जिवंत पोर आईवाचून वाढणार. भावोजी मला आवडायचे. मला तर वाटतं, ते असते तर स्वतःच कोर्टात आले असते. पण ते नाहीत, आणि तुम्ही आहात.

मी तुम्हाला या म्हणत नाही. मागितलेलं नाकारलं गेलं तर ते मला सोसणार नाही, म्हणून मागतच नाही. साक्ष सोळा तारखेला आहे.

वहिनी


१७ एप्रिल

ती. वन्संना,

काल कोर्ट उठल्याबरोबर तुम्ही बाजूच्या दाराने निघून गेलात. गाडी पकडायची होती म्हणे. मला तुमच्या पाया पडायचं होतं आणि तुम्हाला मिठीही मारायची होती, आधी काय करावं हे ठरेपर्यंत तुम्ही नाहीशा झालात. म्हणून आता तुमचीच गोष्ट तुम्हाला सांगते, कारण पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसाला स्वतःचा चेहरा दिसत नाही.

तुम्ही काखेत बोचकं घेऊन आलात तेव्हा सरकार उठून उभे राहिले. त्यांना वाटलं, मोठी बहीण आपल्या बाजूने आली. वकिलांनी तर तुम्हाला खुर्ची दिली. तुम्ही बसला नाहीत. बोचकं सोडलंत आणि त्यातून भावोजींचा दुसरा जोड काढून टेबलावरच्या बुटांशेजारी ठेवलात. तशीच टाच, तसंच बूच. आणि म्हणालात, "हे माझ्या नवऱ्याचे बूट आहेत. माझा नवरा लंगडा होता."

वन्सं, तुमचा आवाज दुसऱ्या वाक्याला फाटला. पण तुम्ही मान खाली घातली नाहीत.

मग सरकारांचे वकील मूर्खासारखे म्हणाले, "म्हणजे व्यभिचार तुमच्या यजमानांनी केला, असं म्हणायचंय?" आणि तुम्ही, "हो. ते वारले त्याला चार वर्षं झाली. समन्स कुठे पाठवायचं तो पत्ता मला सापडला तर मी आधी स्वतःच पत्र टाकीन." जज्जसाहेबांनी रुमाल तोंडावर धरला. ते हसत होते का डोळे पुसत होते, मला अजून कळलेलं नाही.

वकील हटेना. म्हणाला, बूट मेलेल्याचे असले तरी ते घालून जिवंत माणूस येऊ शकतो, हे मास्तर बघा! तेव्हा तुम्ही मास्तरांकडे वळलात. "मास्तर, मी तुमची पहिली शिष्या. तुमचा तर उजवा पाय अधू होता ना? पियानोचं पेडल तुम्ही डाव्या पायानेच दाबायचात आणि मलाही तीच खोड लावलीत." मास्तर लालबुंद झाले. बुटातून बूच निघाल्यापासून म्हातारा दुसऱ्याच पायाने लंगडत होता! बायकोने तिथेच त्यांच्या नव्या कोटाची बाही ओढली आणि त्यांना खाली बसवलं. मग तुम्ही वकिलाला म्हणालात, "तुम्ही धडधाकट आहात. घाला हे बूट आणि दारापर्यंत सरळ चालून दाखवा." त्याने खरंच घातले. चौथ्या पावलाला तो कारकुनाच्या मांडीवर होता.

पण खरा निकाल लागला तो यानंतर. तुम्ही सरकारांकडे बघितलंत आणि अगदी हळू विचारलंत, "बाळ, हिवाळाभर तू त्या दाराशी येऊन परत गेलास. एकदाही टकटक का नाही केलीस?"

आणि त्यांनी सगळ्या कोर्टासमोर उत्तर दिलं, "बाहेर बूट होते ना, ताई. आजोबांचा नियम आहे."

मी आठ वर्षांच्या संसारात त्यांच्या तोंडून इतकं खरं वाक्य ऐकलं नव्हतं. लोक इतके हसले की शिपायाने दारं उघडली. खटला तिथेच निकालात निघाला.

आता रस्त्यावर सरकारांची गाडी दिसली की पोरं लंगडत मागे धावतात. गिरणीवाल्याने मुलीला हवापालटाला पाठवलंय. आज सकाळी सरकारांचा कारभारी निरोप घेऊन आला, "बाईसाहेबांनी चिंगीला घेऊन ताईसाहेबांकडे जावं, हवं तितकं राहावं. फक्त बुटांचा विषय बंद व्हावा." मी चिंगीचे कपडे भरायला घेतले आहेत. ती मला विचारते, आत्याकडे पियानो आहे का? आहे म्हटलं, तर तोंड वाकडं केलं.

वन्सं, तुम्ही शब्द मोडलात. माझ्यासाठी मोडलात. हे मी कुठल्या जन्मी फेडू ते मला कळत नाही.

वहिनी


२० एप्रिल

पोरी,

फेडायचं काही नाही. बाजूच्या दाराने गेले ती गाडीसाठी नव्हे, गाडीला पुष्कळ अवकाश होता. स्टेशनवर बाकावर बसले आणि हमसून रडले. ह्यांना म्हटलं, झालं, सांगितलं सगळ्यांना, आता काय रागवायचं ते रागवा.

काल पलटणीतला एक म्हातारा शिपाई भेटायला आला. पेपर वाचून आला होता. म्हटलं, आता हा हसणार. तो म्हणाला, "बाईसाहेब, साहेबांचा पाय आम्हाला माहीत होता. चिखलात पावलं उमटतात. साहेबांना कळू नये म्हणून आम्ही सगळे गप्प राहिलो." म्हणजे ते पलटणीपासून लपवत होते, मी जगापासून लपवत होते, आणि सगळी पलटण त्यांच्यापासून लपवत होती. मी त्याला चहा पाजला.

तेव्हा ये. चिंगीला घेऊन ये. बाळाचा भरवसा धरू नको. पोरांचं लंगडणं थांबलं की त्याला पुन्हा बायकोची आठवण होईल आणि तो इथे येऊन उभा राहील. माझ्या घराला कडी आहे, पण तिच्यापेक्षा त्याला आजोबांचा नियम जास्त अडवतो. कोर्टातून ते दोन्ही जोड मागून घे आणि बरोबर आण. एक माझ्या दाराबाहेर राहील, एक तुझ्या.

आणि ठेवताना तुझ्याच पद्धतीने ठेव, टाचा बाहेर करून.

तुझी
वन्सं